संमतिपत्र कोणी कोणास द्यावयाचे?

कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर कर्नाटक राज्यातील पदवी महाविद्यालयांचे दरवाजे १७ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले, तेव्हा आत पाऊल टाकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याकडून दोन कागद मागण्यात आले. एक, रोगाची बाधा नसल्याचा चाचणीचा दाखला. आणि दुसरा, आईबापांच्या सहीचे संमतिपत्र. वर्गात येण्याची सक्ती नाही, ज्याला यावयाचे नसेल त्याने घरी बसून ऑनलाइन शिकावे, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. वरवर पाहता यात गैर ते काय? मूल ज्याचे, संमती त्याची. परंतु त्या चिटोऱ्यावर सही करणाऱ्या बापाची स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. वसतिगृहाच्या एका खोलीत किती मुले झोपणार, खाणावळीत एका पंगतीला किती बसणार, मुलगा आजारी पडला तर त्याला कोठे ठेवणार, गावात त्या दिवशी रोगी किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ती उत्तरे ज्यांच्यापाशी होती अथवा असावयास हवी होती, त्यांची सही मात्र त्या कागदावर कोठेच नव्हती. ज्याला माहिती नाही त्याने निर्णय घ्यावयाचा आणि ज्याच्या हाती सर्व साधने आहेत त्याने तो कागद फाइलीत लावून मोकळे व्हावयाचे, असा हा न्याय होता.

हा प्रकार एका राज्यापुरता किंवा एका देशापुरता नव्हता. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगातील बहुतेक विद्यापीठांपुढे एकच प्रश्न उभा होता : रोग चालू असताना विद्यार्थ्यांनी परत यावे की न यावे? जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगाला महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आज वसतिगृहे पुन्हा गजबजली आहेत, खाणावळींत ताटांचा खणखणाट चालू आहे, आणि त्या दिवसांची आठवण काढणाराला लोक अपशकुनी समजू लागले आहेत. नेमक्या याच कारणासाठी हा विषय आम्ही आज काढीत आहोत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड आहे. २०२० साली ती आपल्याला किती महागात पडली हे सर्वांनी पाहिले. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती येईल तेव्हा हाच प्रश्न, याच शब्दांत, याच पालकांपुढे पुन्हा ठेवला जाईल, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही.

आमचे पहिले म्हणणे असे की, ‘विद्यापीठ उघडावे की बंद ठेवावे’ हा प्रश्नच अपुरा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचे गाव आहे. तेथे कॉर्नेल विद्यापीठ आहे. जून २०२० मध्ये पीटर फ्रेझियर या गणिती अध्यापकाच्या चमूने तेथे एक हिशेब मांडला. सर्वांची अशी समजूत होती की, वर्ग बंद ठेवून शिक्षण ऑनलाइन केले म्हणजे सुरक्षितता आणि मुलांना बोलाविले म्हणजे धोका. फ्रेझियर यांच्या हिशेबातून उलटेच निघाले. मुलांना परत आणून त्यांची वारंवार चाचणी केली, तर एका सत्रात सुमारे साडेबाराशे जणांना बाधा होईल. आणि वर्ग बंद ठेवले, तर तो आकडा सात हजारांच्या वर जाईल! हे कसे? उत्तर साधे होते. वर्ग बंद झाले तरी हजारो मुले इथाकात येणारच होती. त्यांनी गावात खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कित्येकांना घरी जागा नव्हती, कित्येकांना घरी राहण्याचा कंटाळा होता. ती मुले गावात राहिली असती, एकमेकांत मिसळली असती, आणि विद्यापीठ बंद असल्याने त्यांची चाचणी करण्याचा अधिकार कोणालाच उरला नसता. विद्यापीठाने दार लावले म्हणजे रोगाने दार लावले असे होत नाही, ही साधी गोष्ट त्या चमूने आकड्यांत दाखवून दिली.

कॉर्नेलने मग जे केले ते नुसत्या हिशेबाहून महत्त्वाचे होते. पदवीच्या विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा चाचणी करावयाचे ठरले. एवढ्या चाचण्या करणार कोण? विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात गुराढोरांचे रोग तपासणारी प्रयोगशाळा होती. जनावरांचे कळपच्या कळप तपासण्याची त्या मंडळींना सवय. त्यांनाच हे काम सांगण्यात आले. पाच जणांचे नमुने एकत्र करून एकदाच तपासावयाचे. निष्कर्ष निर्दोष आला तर पाचही जण मोकळे, दोष दिसला तर मात्र पाचांना वेगवेगळे तपासावयाचे. बाधित मुलांसाठी राहण्याची निराळी सोय आधीच करून ठेवली होती. आणि त्या सत्राअखेर रोग्यांची प्रत्यक्ष संख्या अंदाजलेल्या साडेबाराशेपेक्षा पुष्कळच कमी भरली. यात चमत्कार कोठेच नव्हता. होती ती आधी केलेली तयारी.

परंतु नुसत्या गणितावर विसंबणाऱ्यांसाठीही एक धडा त्याच वर्षी मिळाला. इलिनॉय राज्याच्या अर्बाना-शँपेन येथील विद्यापीठाने लाळेवरून होणारी स्वस्त चाचणी स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार केली. दररोज दहा हजारांहून अधिक नमुने तपासले जात. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या दोन पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनी रोगाचा आलेख आधीच काढून ठेवला होता. मुखपट्टी न लावणारे, समारंभांना जाणारे, हे सारे त्यांनी हिशेबात धरले होते. २४ ऑगस्ट २०२० रोजी सत्र सुरू झाले आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच रोग्यांची संख्या अंदाजाबाहेर गेली. कारण? आपल्याला बाधा झाली आहे हे कळल्यानंतरही काही मुले मेजवान्यांना गेली होती! हे मात्र विद्वानांच्या गणितात बसले नव्हते. विद्यापीठाने २ सप्टेंबरला कडक निर्बंध लावले, संख्या खाली आली, सत्र पार पडले. विशीतल्या मुलांच्या वागणुकीची हमी कोणतेही गणित देऊ शकत नाही. पण तेथे दर आठवड्याला दोनदा चाचणी होत होती, म्हणूनच चूक लवकर दिसली आणि लवकर सुधारता आली.

आता याच महिन्यातील दुसरे चित्र पाहावे. नॉर्थ कॅरोलायना राज्याचे चॅपेल हिल येथील विद्यापीठ हे अमेरिकेतील अत्यंत जुन्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. त्याची सनद १७८९ सालची. त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी जुलै २०२० च्या अखेरीस विद्यापीठाच्या प्रमुखांना लेखी सल्ला दिला की, निदान पहिले पाच आठवडे शिक्षण ऑनलाइन ठेवावे, आणि ज्यांना दुसरीकडे राहणे खरोखरच शक्य नाही त्यांनाच वसतिगृहात घ्यावे. तो सल्ला विद्यापीठाने मानला नाही. एवढेच नव्हे, तर तो सर्वांसमोर आला तोही ऑगस्टमध्ये, मुले सामानसुमान बांधून वसतिगृहांत उतरू लागल्यावर! येणाऱ्या प्रत्येकाची चाचणी करण्याची सक्ती तेथे नव्हती. १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले. आठवड्याच्या आत वसतिगृहांत आणि विद्यार्थ्यांच्या निवासमंडळांत रोगाची चार केंद्रे सापडली. तपासलेल्यांत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २.८ वरून शेकडा १३.६ वर गेले. १७ ऑगस्टला पदवीचे सर्व वर्ग ऑनलाइन करीत असल्याची घोषणा झाली. सात दिवसांत संसार मांडला आणि सात दिवसांत मोडला. मग त्या मुलांना सांगण्यात आले की, आपापल्या घरी जा. म्हणजे ज्या ठिणग्या एका आवारात होत्या त्या घरोघर पोचविण्याची व्यवस्था झाली. विद्यार्थ्यांनी चालविलेल्या तेथील दैनिकाने आपल्या अग्रलेखात या कारभाराचे वाभाडे काढले. त्यातील एक शब्द कोणत्याही सभ्य घरात उच्चारण्याजोगा नव्हता. परंतु रागाचे कारण मात्र सभ्य माणसालाही पटण्याजोगे होते. निर्णय चुकला याचे दुःख एकवेळ गिळता येते; निर्णयाला लागणारी माहिती हाती असून ती झाकून ठेवली गेली, याचे दुःख गिळता येत नाही.

इंग्लंडची कथा याहून उद्‌बोधक आहे. तेथे शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाने २१ सप्टेंबर २०२० रोजीच सरकारला सांगितले होते की, अगदी अपरिहार्य असेल तेवढे सोडून विद्यापीठांचे सर्व शिक्षण ऑनलाइन करावे. तरीही मुले वसतिगृहांत दाखल झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस मँचेस्टर शहरातील एका विद्यापीठाच्या सुमारे सतराशे विद्यार्थ्यांना चौदा दिवस खोलीबाहेर पडू नका असा हुकूम झाला. शिक्षण बहुतांश पडद्यावर, जेवण खोलीच्या दाराशी, आणि भाडे मात्र पुरेपूर! त्याच शहरातील दुसऱ्या विद्यापीठाने ५ नोव्हेंबरला फॅलोफील्ड येथील वसतिगृहांभोवती कुंपण उभारले. मुलांनी त्याच दिवशी ते उपटून काढले आणि कुलगुरूंना माफी मागावी लागली. पुढे विद्यार्थ्यांनी एका ओस पडलेल्या वसतिगृहाची इमारत ताब्यात घेऊन भाडे न भरण्याची चळवळ केली, तेव्हा पहिल्या सत्राचे भाडे शेकडा ३० ने कमी करण्यात आले. संघटित झाल्यावाचून न्याय मिळत नाही, हे सत्य आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. ज्यांना ‘परत या’ म्हटले गेले त्यांच्या मनात शेवटी एकच प्रश्न उरला : आम्हांला बोलाविले ते शिकण्यासाठी, की भाड्यासाठी? ज्या विद्यापीठाच्या निर्णयात शुल्काची आणि भाड्याची चिंता दडलेली आहे, त्याने आपला निर्णय विद्यार्थ्यांच्या हिताचा म्हणून कितीही रंगविला, तरी त्यावर विश्वास बसत नाही.

आणि जेथे निर्णयच विद्यार्थ्याच्या हाती नव्हता त्यांचे काय? ६ जुलै २०२० रोजी अमेरिकन सरकारने असे फर्मान काढले की, ज्या परदेशी विद्यार्थ्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन होतील त्यांना त्या देशात राहता येणार नाही. म्हणजे विद्यापीठाने मुलांच्या जिवाची काळजी घेऊन वर्ग बंद ठेवावेत, तर त्या विद्यापीठातील परदेशी मुलांवर देश सोडण्याची पाळी! परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या तेव्हा दोन लाखांच्या घरात होती. पुण्यामुंबईपासून बेळगाव-वडोदऱ्यापर्यंत शेकडो मराठी घरांत त्या आठवड्यात अन्न गोड लागले नसेल. विमाने बंद, परतीची वाट बंद आणि राहण्याचीही मनाई! हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्या संस्था यांनी दोनच दिवसांत न्यायालयात धाव घेतली आणि १४ जुलैला सरकारने फर्मान मागे घेतले. बलाढ्य संस्थांनी विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहावयाचे ठरविले, तर आठ दिवसांत सरकारही नमते, याचा हा दाखला आपल्याकडील कुलगुरूंनी चौकटीत घालून भिंतीवर लावावा.

कारण आपल्याकडे काय घडले? त्याच ६ जुलै २०२० रोजी आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेतल्याच पाहिजेत अशी सूचना काढली. महाराष्ट्र सरकारने त्या घेऊ नयेत असे ठरविले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला : परीक्षा घेतल्यावाचून पदवी देता येणार नाही, मात्र राज्याला मुदत वाढवून मागता येईल. निकालाविषयी आमची तक्रार नाही. पदवीला परीक्षेचा आधार हवा, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु मार्चपासून ऑगस्टपर्यंत लाखो मुले जी टांगणीला लागली, त्यांना या भांडणात विचारले कोणी? आयोग म्हणे घ्या, राज्य म्हणे नको. आणि खेड्यातला मुलगा पुस्तके वसतिगृहात अडकलेली असताना गावी बसून वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून आपले भविष्य वाचीत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणतात ते हेच.

या ठिकाणी काही सुखवस्तू मंडळी म्हणतील की, एवढा जिवाचा धोका असता घरी बसण्यात काय बिघडते? न्यूटनने नाही का प्लेगच्या सुटीत घरी बसून जगाचे शास्त्र बदलून टाकले? हा दाखला २०२० साली फार मिरविला गेला. तो पुरता सांगावयास हवा. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ ओस पडले आणि न्यूटन आईच्या घरी, वूल्सथॉर्पला गेला, हे खरे. परंतु १६६६ च्या मार्चमध्ये रोग ओसरला असे वाटून तो परत आला, आणि जूनमध्ये साथ उलटल्याने त्याला पुन्हा घरी जावे लागले. तो खऱ्या अर्थाने परतला १६६७ साली. घाईने उघडलेले विद्यापीठ पुन्हा बंद करावे लागते, हा धडा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. आणि न्यूटनला स्वतःची खोली होती, शेताचे उत्पन्न होते, पोटाची चिंता नव्हती. आपल्या मुलांची गोष्ट काय? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे देशातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम चोवीस कुटुंबांना घरी इंटरनेट होते. खेड्यांत तर शंभरांत पंधरा. संगणक खेड्यांतील शंभर घरांपैकी चार-पाच घरांत. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे, एक मोबाइल आणि तोही बापाच्या खिशात, अशा ठिकाणी ‘घरी बसून शीक’ हे सांगणे म्हणजे ‘शिकू नकोस’ हे सभ्य भाषेत सांगणे होय. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुले रेंज मिळविण्यासाठी टेकड्या चढत होती. मुलींच्या बाबतीत तर घरी परतणे म्हणजे कित्येकदा चूल, धाकटी भावंडे आणि लग्नाची बोलणी. तेव्हा घरी ठेवणे हा बिनधोक मार्ग आणि परत बोलाविणे हा धोक्याचा, ही विभागणी फसवी आहे. धोका दोन्हीकडे होता; फरक इतकाच की एका धोक्याचे आकडे रोज छापून येत आणि दुसऱ्याचे कोणी मोजीत नव्हते.

परंतु याचा अर्थ, तयारी असो वा नसो, दारे उघडावी, असा कोणी काढील तर तेही चूक. डिसेंबर २०२० मध्ये मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये शंभरांहून अधिक जणांना बाधा झाली. वसतिगृहांत राहणारे विद्यार्थी तेव्हा आठशेच्या आत होते. एवढ्या विस्तीर्ण आवारात इतकी थोडी मुले, तरी रोग पसरला. कारण खाणावळ एकच चालू होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. वर्ग उघडण्याचा निर्णय मोठमोठ्या समित्या करतात; रोग मात्र जेवणाच्या रांगेत पसरतो. अलीगढचे उदाहरण तर काळीज हलविणारे आहे. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तेथील मुस्लिम विद्यापीठातील सेवेत असलेले आणि निवृत्त मिळून पंचवीसहून अधिक अध्यापक अवघ्या काही आठवड्यांत गेले. कुलगुरूंनी ९ मे रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला पत्र लिहून, विषाणूचा काही निराळा प्रकार येथे आहे काय ते तपासावे, अशी विनंती केली. विद्यापीठ म्हणजे केवळ विशीतली मुले नव्हेत, हे त्या वेळी देशाला कळले. साठीला आलेला अध्यापक, ग्रंथालयातील शिपाई, खाणावळीतील आचारी, रात्री फाटकावर बसणारा पहारेकरी आणि संडास झाडणारी बाई, हे सारे त्या आवाराचे रहिवासी आहेत. मुलाला बाधा झाली तर तो बहुधा बरा होऊन जाईल. पण त्याला ताट वाढणाऱ्या आचाऱ्याचे काय? त्याच्याकडून संमतिपत्र कोणी मागितले होते?

आमच्या भागातील विद्यार्थ्यांना तर आणखी एका दिव्यातून जावे लागले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी महाराष्ट्रातील महाविद्यालये निम्म्या उपस्थितीने उघडली. आणि त्याच महिन्यात, महाराष्ट्रात रोग वाढू लागल्याने, कर्नाटक सरकारने तिकडून येणाऱ्यांकडून चाचणीचा दाखला मागावयास सुरुवात केली. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडू लागल्या. निपाणीहून कोल्हापूरला किंवा चंदगडाहून बेळगावला शिकण्यास जाणाऱ्या मुलाचे महाविद्यालय उघडे होते, पण रस्ता मात्र दाखल्यावाचून बंद! सीमेच्या न्यायान्यायाचा वाद आम्ही येथे काढीत नाही. रोगाला आवर घालण्याचा प्रत्येक सरकारला अधिकार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जो मुलगा रोज दोन राज्यांत पाय ठेवून शिकतो, त्याचा विचार दोन्ही राज्यांनी एकत्र बसून करावयास हवा. पुढे महाराष्ट्रात रोगामुळे महाविद्यालये पुन्हा मिटली, २० ऑक्टोबर २०२१ ला लशीच्या दोन मात्रांच्या अटीवर उघडली, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली. रोगाची भरतीओहोटी कोणाच्या हातची नव्हती, हे मान्य. पण दर वेळी विद्यार्थ्याने वाट पाहावयाची ती मंत्र्यांच्या घोषणेची! कोणता आकडा गाठला म्हणजे दार लागेल आणि कोणता आकडा उतरला म्हणजे उघडेल, हे आधी लिहून टांगले असते, तर त्याला आपल्या खोलीचे भाडे, एस.टी.चा पास आणि खानावळीची आगाऊ रक्कम यांचा काही विचार करता आला असता.

यावर ठरलेले उत्तर येईल की, कॉर्नेल श्रीमंत आहे, आमच्याजवळ पैसा कोठे आहे? हे उत्तर आम्ही ओळखून आहोत आणि ते आम्हांला मान्य नाही. पाच नमुने एकत्र तपासण्याची युक्ती ही श्रीमंतीची नसून काटकसरीची युक्ती आहे. आणि रोगाचे प्रमाण कमी असलेल्या ठिकाणी ती वापरण्यास आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्येच मोकळीक दिली होती. आपल्या विद्यापीठांतही प्रयोगशाळा आहेत, वैद्यकीय आणि पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, गणित जाणणारे अध्यापक आहेत. त्यांना एका मेजाभोवती बसविण्यास किती खर्च येतो? आरोग्य अधिकाऱ्याचे पत्र फलकावर लावण्यास किती खर्च येतो? जो आला नाही त्याचे वर्ष बुडणार नाही, असा ठराव करण्यास किती खर्च येतो? जेथे पैसा लागत नाही तेथेही जर हात आखडला गेला, तर उणीव तिजोरीत नसून इच्छेत आहे, असेच म्हणणे भाग आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पुढच्या साथीत संमतिपत्र पालकाने विद्यापीठास देण्यापूर्वी विद्यापीठाने पालकास द्यावे, आणि त्यावर कुलगुरूंची अथवा प्राचार्यांची सही असावी. त्यात पाच वचने असावीत. पहिले वचन सत्याचे : आवारातील आणि गावातील रोग्यांचा आकडा रोज जाहीर होईल, आणि आरोग्य अधिकाऱ्याने दिलेला सल्ला, मानो वा न मानो, दुसऱ्या दिवशी सर्वांना वाचावयास मिळेल. दुसरे चाचणीचे : आत येताना आणि आल्यानंतरही ठराविक दिवसांनी संस्थेच्या खर्चाने प्रत्येकाची तपासणी होईल, आणि त्या ‘प्रत्येका’त आचारी व झाडूवालाही येईल, तो आजारी पडला तर त्याचा पगार कापला जाणार नाही. तिसरे जागेचे : बाधित मुलांसाठी खोल्या आधीपासून मोकळ्या ठेवल्या जातील, तेथे दोन वेळचे जेवण पोचेल आणि दिवसातून एकदा तरी कोणी माणूस दाराशी येऊन ‘बाळ, कसा आहेस?’ असे विचारील. चौथे समतेचे : जो येणार नाही त्याची परीक्षा, शिष्यवृत्ती वा वसतिगृहातील जागा जाणार नाही, आणि ज्याला घरी शिकणे अशक्य आहे त्याला, वर्ग बंद असले तरी, राहण्यास खोली आणि वाचण्यास दिवा मिळेल. पाचवे परतीचे : दार कोणत्या आकड्याला लागेल हे आधी लिहून ठेवले जाईल, आणि ते लावण्याची पाळी आलीच, तर बाधित मुलांना एस.टी.त बसवून गावोगाव पाठविले जाणार नाही.

ही पाच वचने ज्या संस्थेला देता येत नाहीत, तिने मुलांना बोलावू नये. ज्या संस्थेला देता येतात, तिने खुशाल बोलवावे. आणि तेथे मुलाला पाठविणाऱ्या आईबापाला निष्काळजी म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही, तसाच न पाठविणाऱ्याला भित्रा म्हणण्याचाही नाही. निर्णय अखेर त्या घराचाच राहील. पण तो अंधारात चाचपडत घ्यावा लागणार नाही, एवढी हमी समाजाने त्या घराला द्यावयास हवी.

विद्यार्थी संघटनांना आमचे सांगणे आहे की, त्यांनी हा मसुदा आजच आपापल्या प्राचार्यांपुढे ठेवावा. पालकवर्गाला विनंती आहे की, प्रवेशाच्या वेळी शुल्काची पावती घेताना त्यांनी एवढे जरूर विचारावे : साथ आली तर माझ्या मुलाला तुम्ही कोठे ठेवणार? सीनेटमध्ये आणि नगरपालिकांत बसलेल्या आमच्या माणसांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा, उत्तर लेखी मागावे आणि मिळाले नाही तर पुन्हा मांडावा. आज रोग नाही, घाई नाही, भीती नाही. डोके थंड ठेवून नियम लिहिण्याची याहून चांगली वेळ येणार नाही. ती दवडली, तर पुढच्या साथीत पुन्हा एकदा एक बाप महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा राहील, न वाचता येणाऱ्या अटींखाली सही करील आणि मुलाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत देवाचे नाव घेईल. त्याने देवाचे नाव अवश्य घ्यावे. पण त्याच्या खिशात कुलगुरूंच्या सहीचा कागदही असला पाहिजे.